इंग्रजी वाक्प्रचार अन् शब्दसंग्रहात तुम्ही किती पाण्यात? २५ प्रश्न, ५० गुण; घरबसल्या घ्या स्वतःची परीक्षा

औसा : भरतीची जाहिरात आली की गावोगावच्या अभ्यासिका भरतात. गणित, बुद्धिमत्ता, चालू घडामोडी यांची पुस्तकं झिजेपर्यंत वाचली जातात. इंग्रजीचं पुस्तक मात्र कोरंच राहतं. 'आपण मराठी माध्यमाचे, इंग्रजी ऑप्शनला टाकू' असं म्हणून अनेकजण तो विषय सोडून देतात. निकालाच्या दिवशी दोन-चार गुणांनी यादी हुकते, तेव्हा ते सोडलेले प्रश्न आठवतात.

खरं तर इंग्रजीच्या पेपरात एक भाग असा आहे, ज्याला फाडफाड बोलता येण्याची गरज नाही. तो म्हणजे वाक्प्रचार आणि शब्दसंग्रह. अर्थ माहीत असेल तर दहा सेकंदांत उत्तर, माहीत नसेल तर कितीही डोकं खाजवा, उपयोग नाही. म्हणून आपल्याला किती येतं, हे परीक्षेआधीच तपासून घेतलेलं बरं. त्यासाठी खाली २५ प्रश्नांची चाचणी दिली आहे. वही-पेन घ्या, २० मिनिटांची वेळ लावा आणि उत्तरं आधी पाहू नका.

कोणत्या परीक्षेत इंग्रजी किती?

आधी हिशोब समजून घ्या. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्न आणि २०० गुण होते. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी या चारही विषयांना २५-२५ प्रश्न, म्हणजे ५०-५० गुण. गुणवत्ता यादीत येण्यासाठी किमान ४५ टक्के, म्हणजे २०० पैकी ९० गुणांची अट होती. इंग्रजी पूर्ण सोडली तर हे ९० गुण उरलेल्या १५० मधून काढावे लागतात. म्हणजे ४५ टक्क्यांची अट तुमच्यापुरती ६० टक्क्यांची झाली. तीही फक्त यादीत बसण्यासाठी. नोकरी लागायला त्याहून कितीतरी जास्त गुण लागतात.

इतर परीक्षांचं गणित असं आहे :

• महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट ब आणि गट क मुख्य परीक्षेत पहिला पेपर मराठी आणि इंग्रजी या भाषांचा असतो. चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात.

• स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर परीक्षेत, ज्याला सगळे 'सीजीएल' म्हणतात, पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण. एका चुकीला अर्धा गुण वजा.

• बँकेच्या क्लार्क पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात. चुकीला एक चतुर्थांश गुण कापतात.

• ग्रामीण बँकेच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजी नसते. मुख्य परीक्षेत हिंदी किंवा इंग्रजी यापैकी एक भाषा निवडता येते.

• निमलष्करी दलांच्या जीडी कॉन्स्टेबल परीक्षेत ८० प्रश्न, १६० गुण असतात. त्यात हिंदी किंवा इंग्रजीचे २० प्रश्न. २०२४ पासून या परीक्षेचा पेपर मराठीतूनही मिळतो, पण भाषेचा विभाग हिंदी किंवा इंग्रजीचाच राहतो.

• राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत इंग्रजी नाही. तिथे मराठी व्याकरण आहे. पण पोलीस भरतीची तयारी करणारे बहुतेकजण तलाठी आणि जीडीचाही फॉर्म भरतात, हे विसरू नका.

वाक्प्रचार म्हणजे नेमकं काय?

'त्याने माझ्या तोंडाला पाने पुसली' हे वाक्य औशातल्या शाळकरी पोरालाही कळतं. कुणी खरंच पानं घेऊन तोंड पुसलं, असं कुणाला वाटत नाही. 'हात वर केले', 'पाठीशी घातलं', 'कानाडोळा केला' हेही तसंच. शब्दांचा अर्थ वेगळा, सगळ्यांचा मिळून अर्थ वेगळा. हाच वाक्प्रचार.

इंग्रजीत तेच घडतं. अडचण एवढीच, की आपण इंग्रजी वाक्प्रचार दिसला की एकेक शब्द मराठीत फिरवायला लागतो. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. म्हणून चार पर्यायांत एक पर्याय हमखास शब्दशः अर्थाचा असतो. घाईत असणारा गडी तिथेच टिक करतो.

एक गोष्ट लक्षात घ्या. प्रत्यक्ष पेपरात हे शब्द रोमन लिपीत असतात. इथे ते देवनागरीत दिले आहेत. त्यामुळे प्रत्येक शब्द वाचला की त्याचं स्पेलिंग स्वतः वहीत लिहा आणि नंतर डिक्शनरीत तपासा. स्पेलिंगचा सराव आपोआप होईल.

विभाग अ : वाक्प्रचार

१. 'टू बर्न द मिडनाइट ऑइल'
अ) तेलाची नासाडी करणे ब) रात्री उशिरापर्यंत जागून अभ्यास किंवा काम करणे क) मध्यरात्री आग लावणे ड) जुनं भांडण उकरून काढणे

२. 'अ व्हाइट एलिफंट'
अ) शुभ शकुन ब) गोरापान माणूस क) राजाची सवारी ड) पोसायला महाग आणि उपयोग काहीच नाही अशी वस्तू

३. 'टू स्पिल द बीन्स'
अ) गुपित फोडणे ब) सोयाबीन सांडणे क) पैसे उधळणे ड) पेरणी करणे

४. 'वन्स इन अ ब्लू मून'
अ) दर पौर्णिमेला ब) रोज रात्री क) अगदी क्वचित ड) एकाच वेळी

५. 'टू बीट अराउंड द बुश'
अ) झुडपं तोडणे ब) मुद्द्यावर न येता इकडचं तिकडचं बोलत राहणे क) शिकारीला जाणे ड) एखाद्याला मारहाण करणे

६. 'डोन्ट वरी, ही वॉज ओन्ली पुलिंग युवर लेग.' तो काय करत होता?
अ) तुझी प्रगती अडवत होता ब) तुला खाली पाडत होता क) तुझी थट्टा करत होता ड) तुझ्या पाया पडत होता

७. 'द बॉय हॅड टू ईट हिज वर्ड्स.'
अ) मुलगा बोलताना अडखळला ब) मुलाने काही शब्द गाळले क) मुलगा उपाशी राहिला ड) मुलाला आपलं बोलणं मागे घ्यावं लागलं

८. 'टू बरी द हॅचेट'
अ) भांडण मिटवून समेट करणे ब) पुरावा लपवणे क) खून करणे ड) शेतीची अवजारं ठेवून देणे

९. 'टू हिट द नेल ऑन द हेड'
अ) डोक्याला इजा करणे ब) घाईत काम बिघडवणे क) नेमका मुद्दा सांगणे ड) हट्टाला पेटणे

१०. 'द थीफ टुक टू हिज हील्स.'
अ) चोराने माफी मागितली ब) चोराने धूम ठोकली क) चोराच्या टाचेला लागलं ड) चोराने चपला चोरल्या

विभाग ब : समानार्थी आणि विरुद्धार्थी

११. 'अबन्डंट' या शब्दाचा समानार्थी शब्द :
अ) स्केअर्स ब) एन्शंट क) एम्प्टी ड) प्लेन्टिफुल

१२. 'ब्रीफ' या शब्दाचा समानार्थी शब्द :
अ) शॉर्ट ब) ब्रेव्ह क) ब्रॉड ड) ब्राइट

१३. 'ट्रान्स्परंट' या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द :
अ) क्लिअर ब) थिन क) ओपेक ड) ऑनेस्ट

१४. 'फर्टाइल' या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द :
अ) रिच ब) बॅरन क) मॉइस्ट ड) ग्रीन

१५. 'टेम्पररी' या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द :
अ) टेम्परेट ब) सीझनल क) टाइमली ड) पर्मनंट

विभाग क : अनेक शब्दांसाठी एक शब्द

१६. दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने काम करणारा :
अ) ॲम्बिशस ब) ॲम्बिडेक्स्ट्रस क) ॲम्बिग्युअस ड) ॲम्फिबियन

१७. ज्याला लिहिता-वाचता येत नाही असा माणूस :
अ) इलिटरेट ब) इलेजिबल क) इलीगल ड) इलॉजिकल

१८. जे वाचताच येत नाही असं अक्षर :
अ) इलिटरेट ब) इलीगल क) इलेजिबल ड) इलॉजिकल

१९. आपला देश कायमचा सोडून दुसऱ्या देशात राहायला जाणारा :
अ) इमिग्रंट ब) टुरिस्ट क) ॲम्बॅसडर ड) एमिग्रंट

२०. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेलं पुस्तक :
अ) पर्पेच्युअल ब) पॉस्थ्युमस क) प्रीमॅच्युअर ड) प्रिव्हियस

विभाग ड : गोंधळ घालणारे शब्द

२१. कॉलेजचे प्राचार्य या अर्थी 'प्रिन्सिपल' या शब्दाचा शेवट कोणत्या अक्षरांनी होतो?
अ) पी-एल-ई ब) पी-ए-एल

२२. वही, पेन, कागद या अर्थी 'स्टेशनरी' या शब्दाचा शेवट :
अ) ई-आर-वाय ब) ए-आर-वाय

२३. 'ही गेव्ह मी गुड ____.' इथे सल्ला या अर्थी कोणता शब्द बसेल?
अ) शेवटी एस-ई असलेला 'ॲडव्हाइझ' ब) शेवटी सी-ई असलेला 'ॲडव्हाइस'

२४. 'डू नॉट ____ होप.' आशा सोडू नका या अर्थी :
अ) एक 'ओ' असलेला 'लूझ' ब) दोन 'ओ' असलेला 'लूज'

२५. 'मंगूस', म्हणजे मुंगूस, या शब्दाचं अनेकवचन :
अ) मंगीस ब) मंगूसेस

उत्तरं आणि त्यामागचं कारण

नुसतं बरोबर-चूक पाहून पुढे जाऊ नका. चुकलेल्या प्रश्नाचं कारण वाचा, तेच खरं शिकणं.

१ – ब. वीज नव्हती तेव्हा रात्री वाचायचं तर दिव्यात तेल जाळावं लागे. भारनियमनाच्या रात्री कंदिलावर अभ्यास केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

२ – ड. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या राजाची गोष्ट सांगतात. नावडत्या सरदाराला तो पांढरा हत्ती भेट देई. हत्ती पवित्र, त्यामुळे कामाला लावता येत नसे अन् विकताही येत नसे. खाऊ घालता घालता सरदाराचं दिवाळं निघे. मराठीतही आपण 'पांढरा हत्ती' म्हणतोच.

३ – अ. मराठीत 'बिंग फोडणे'. शब्दशः पर्याय सोयाबीनचा होता, तिथे किती जण फसले ते वहीत पाहा.

४ – क. मराठीत 'सठीसामाशी'. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, तर दुसऱ्या पौर्णिमेच्या चंद्राला 'ब्लू मून' म्हणतात. असं साधारण अडीच-पावणेतीन वर्षांतून एकदा घडतं.

५ – ब. शिकारीत झुडपांभोवती काठ्या आपटून सावज उठवत. सावजाला हात घालायचा सोडून नुसतं झुडपाभोवती बडवत राहणं, म्हणजे मुद्द्याला हात न घालणं.

६ – क. इथे मराठी माणूस हमखास फसतो. मराठीत 'पाय ओढणे' म्हणजे दुसऱ्याला वर जाऊ न देणे. इंग्रजीत मात्र पाय ओढणे म्हणजे गंमत करणे, फिरकी घेणे. दिसायला सारखे, अर्थाने वेगळे.

७ – ड. हाही तसाच सापळा. मराठीत 'शब्द खाणे' म्हणजे बोलताना शब्द गिळून टाकणे, स्पष्ट न बोलणे. इंग्रजीत आपलं बोलणं चुकलं हे मान्य करून मागे घेणे.

८ – अ. 'हॅचेट' म्हणजे छोटी कुऱ्हाड. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्ये तह झाला की शस्त्र जमिनीत पुरण्याची प्रथा होती. त्यावरून हा वाक्प्रचार आला.

९ – क. मराठीत 'नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवणे'. खिळ्याच्या बरोबर डोक्यावर हातोडा बसला की तो सरळ आत जातो.

१० – ब. 'हील' म्हणजे टाच. पळणाऱ्याच्या टाचाच मागून दिसतात, असं लक्षात ठेवा.

११ – ड. 'अबन्डंट' म्हणजे भरपूर, विपुल. 'स्केअर्स' म्हणजे टंचाई असलेला. पाणीटंचाईच्या इंग्रजी बातमीत 'स्केअर्सिटी' हा शब्द हमखास दिसतो, त्याच घरातला हा शब्द.

१२ – अ. 'ब्रीफ' म्हणजे थोडक्यात. बाकीचे तीन पर्याय फक्त आवाजाने जवळचे आहेत.

१३ – क. 'ट्रान्स्परंट' पारदर्शक, 'ओपेक' अपारदर्शक.

१४ – ब. 'फर्टाइल' सुपीक, 'बॅरन' नापीक. खताला 'फर्टिलायझर' म्हणतात, ते याच 'फर्टाइल'वरून.

१५ – ड. 'टेम्पररी' तात्पुरता, 'पर्मनंट' कायम. 'टेम्परेट' म्हणजे समशीतोष्ण. तो दिसायला जवळचा म्हणून ठेवलेला.

१६ – ब. मराठीत याला 'सव्यसाची' म्हणतात. अर्जुनाचं हे नाव लक्षात ठेवा, शब्द विसरणार नाही.

१७ – अ. आणि १८ – क. 'इलिटरेट' निरक्षर माणूस, 'इलेजिबल' न वाचता येणारं अक्षर. याच्या जवळचा तिसरा शब्द 'एलिजिबल' म्हणजे पात्र. भरतीच्या जाहिरातीत तो नेहमी असतो. तिघांची स्पेलिंग शेजारी-शेजारी लिहून ठेवा.

१९ – ड. बाहेर जाणारा 'एमिग्रंट', आत येणारा 'इमिग्रंट'. 'एक्झिट'चा ई तो एमिग्रंटचा ई. 'इन'चा आय तो इमिग्रंटचा आय.

२० – ब. मराठीत 'मरणोत्तर'. शौर्यपदकांच्या इंग्रजी बातम्यांत हा शब्द येतो.

२१ – ब. पी-ए-एल म्हणजे प्राचार्य. पी-एल-ई म्हणजे तत्त्व.

२२ – अ. ई-आर-वाय म्हणजे लेखनसाहित्य. ए-आर-वाय म्हणजे जागेवर स्थिर असलेलं. 'एन्व्हलप', म्हणजे पाकीट, याचा ई आठवा.

२३ – ब. सी-ई असेल तर सल्ला हे नाम, एस-ई असेल तर सल्ला देणे हे क्रियापद.

२४ – अ. एक 'ओ' म्हणजे गमावणे. दोन 'ओ' म्हणजे सैल, ढिलं.

२५ – ब. 'गूस'चं अनेकवचन 'गीस' होतं, म्हणून अनेकजण 'मंगीस' लिहितात. पण 'मंगूस'चा त्या बदकाच्या जातीच्या पक्ष्याशी काही संबंध नाही. हा शब्द इंग्रजीत गेला तो आपल्या मराठी 'मुंगूस'वरूनच. म्हणजे इंग्रजांनीही आपल्याकडून शब्द घेतलेत.

गुण मोजा

प्रत्येक बरोबर उत्तराला २ गुण द्या. एकूण ५०.

४० किंवा त्याहून जास्त : पाया चांगला आहे. आता जुने पेपर वेळ लावून सोडवा.

२६ ते ३८ : अर्थ माहीत आहेत, पण सारख्या दिसणाऱ्या पर्यायांत गोंधळ होतो. विभाग क आणि ड पुन्हा करा.

२४ किंवा कमी : घाबरू नका, पण विषय ऑप्शनलाही टाकू नका. सुरुवात विभाग अ पासून करा, कारण वाक्प्रचार गोष्टीसारखे लक्षात राहतात.

आता आणखी एक काम करा. चुकलेल्या उत्तरांत शब्दशः अर्थाला किती वेळा भुललात, ते मोजा. तीनपेक्षा जास्त वेळा असेल, तर तुमची अडचण पाठांतराची नाही, वाचण्याच्या सवयीची आहे. वाक्प्रचार दिसला की आधी स्वतःला विचारा : 'हे खरंच घडलं असेल का?' हत्ती, चंद्र, कुऱ्हाड, खिळा यांचा वाक्यातल्या माणसाशी काही संबंध दिसत नसेल, तर शब्दशः पर्याय आधी खोडा.

माहीत नसेल तर अंदाज मारावा का?

हे परीक्षेवर अवलंबून आहे. २०२३ च्या तलाठी परीक्षेत चुकीला गुण कापले जात नव्हते. अशा पेपरात एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे हातचे गुण घालवणं.

सीजीएलसारख्या पेपरात बरोबरला २ आणि चुकीला उणे ०.५० असतात. चारही पर्याय सारखेच अनोळखी असताना डोळे झाकून टिक केली, तर सरासरी फायदा जेमतेम ०.१२५ गुणाचा. पण दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे कळलं अन् उरलेल्या दोनातून एक निवडला, तर हीच सरासरी ०.७५ वर जाते. म्हणून शब्दशः अर्थाचा पर्याय ओळखून खोडता येणं, यालाच इथे किंमत आहे. संपूर्ण अर्थ आठवला नाही तरी खोडण्याची कला गुण देऊन जाते.

मराठी माध्यमाचं भय किती खरं?

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी इंग्रजीची ओळख पाचवीत व्हायची. म्हणजे आज भरतीला बसणाऱ्या बहुतेक पोरा-पोरींनी इंग्रजी पहिलीपासून पाहिलेलं आहे. पाहिलंय, पण वापरलं नाही, ही खरी अडचण.

परकी भाषा शिकण्याची वेळही आपल्या भागावर पहिल्यांदा आलेली नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत औसा निजामाच्या राज्यात होतं. तेव्हा सरकारी कारभार आणि शाळा उर्दूतून चालत. घरात मराठी बोलणाऱ्या कितीतरी आजोबांनी उर्दूतून शिक्षण घेतलं. तहसील, दस्तऐवज, वसूल हे अरबी-फारसीतून आलेले शब्द आज कुणाला परके वाटत नाहीत. रोज कानावर पडत गेले अन् आपलेच झाले.

इंग्रजीचंही निम्मं काम असंच झालेलं आहे. 'लालफितीचा कारभार' हा शब्द इंग्रजीतल्या 'रेड टेप'वरून आला, कारण सरकारी कागद तांबड्या फितीने बांधून ठेवत. 'मगरीचे अश्रू' म्हणजे 'क्रोकोडाइल टिअर्स'. 'आगीत तेल ओतणे' आणि 'ॲड फ्युएल टू द फायर' तर एकमेकांशेजारी ठेवावेत असे. 'टर्न अ डेफ इअर' याला आपल्याकडे 'कानाडोळा करणे' आहे. अशा जोड्या लावल्या की पाठांतर निम्म्यावर येतं.

काही वाक्प्रचार इतिहासातून येतात. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला, म्हणून 'मीट वन्स वॉटर्लू' म्हणजे कायमचा पराभव होणे. मराठीत आपण 'पानिपत झालं' म्हणतो, अगदी तसंच. ग्रीक कथेतला अकिलीस फक्त टाचेपाशी दुबळा होता, म्हणून 'अकिलीस हील' म्हणजे बलवान माणसाची दुबळी जागा. दुर्योधनाची मांडी आठवली की हा शब्द पक्का.

रोज अर्धा तास, पण पुस्तक मिटून

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून, मिटवून, आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, म्हणून आठवून लिहिण्याची सवय लावा.

त्यासाठी सोपी पद्धत अशी :

• रोज पाच वाक्प्रचार आणि पाच शब्द, एवढेच. पन्नास लिहून पाच लक्षात ठेवण्यापेक्षा हे बरं.

• वहीच्या पानाला मधोमध घडी घाला. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. उजवी बाजू झाकून आठवा. दुसऱ्या दिवशी डावी झाका.

• प्रत्येक वाक्प्रचाराचं आपल्या घरातलं, शेतातलं एक वाक्य करा. नादुरुस्त पडलेली फवारणी यंत्राची टाकी 'व्हाइट एलिफंट', बांधाचं भांडण मिटलं तर 'बरीड द हॅचेट'.

• आज शिकलेलं उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा आठवा. चुकलेल्यांवर खूण करा.

• मोबाइलवर अर्थ शोधताना नुसतं भाषांतर करू नका. यंत्र कधी कधी वाक्प्रचार शब्दशः फिरवून देतं. इंग्रजी डिक्शनरीत पूर्ण वाक्प्रचार टाकून, दिलेलं उदाहरण वाचा.

• घरात आई-वडिलांना किंवा धाकट्या भावंडाला वही हातात देऊन प्रश्न विचारायला सांगा. त्यांना इंग्रजी येत नसेल, तरी उजव्या बाजूचा मराठी अर्थ वाचता येतो. तो त्यांनी वाचायचा, इंग्रजी तुम्ही सांगायचं.

• जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. वाक्प्रचार फिरून फिरून तेच येतात.

फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात मात्र नीट वाचा. प्रश्नांची संख्या, गुण आणि चुकीला कापले जाणारे गुण वेळोवेळी बदलतात. वर दिलेले आकडे तयारीची दिशा ठरवण्यासाठी आहेत.

आजचे गुण घरातल्या कॅलेंडरवर आजच्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा. बरोबर सात दिवसांनी हीच चाचणी उत्तरं न पाहता पुन्हा सोडवा आणि त्या चौकोनात नवे गुण लिहा. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढे गुण तुम्ही आजवर ऑप्शनला टाकत होता.